मुक्या जिवाचे मरण

जनावर शेवटच्या घटका मोजू लागले, की आपल्या वस्तीत कुणीतरी एक वाक्य बोलतेच : 'दम तोडने से पहले छुरी फेर दो.' बोलणारा दुष्ट नसतो. बहुधा तो शेजारचा कुणी वडीलधारा असतो आणि आपले नुकसान होऊ नये एवढेच त्याच्या मनात असते. जनावर आपोआप मेले तर ते मुर्दार. खाता येत नाही, कुणाला देता येत नाही. अल्लाहचे नाव घेऊन गळ्यावर सुरी फिरली तर तेच हलाल. मधे अंतर असते ते काही मिनिटांचे. त्या मिनिटांत माणसाने काय करावे?

प्रश्न सोपा वाटतो, कारण शरीयतमधले त्याचे उत्तर स्वच्छ आहे. सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत निषिद्ध मांसाची यादी आहे. मेलेले, गुदमरलेले, मार लागून पडलेले, उंचावरून कोसळलेले, शिंगांनी भोसकले गेलेले, हिंस्र पशूने फाडलेले. आणि लगेच सवलतही आहे, की प्राण जाण्याआधी तुम्ही त्याला जिबह करू शकलात तर ते वगळून. सहीह बुखारीत हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांच्या घरची एक हकीकत येते. मदिनेजवळ सलअ नावाची टेकडी आहे. तिथे त्यांची एक दासी शेळ्यामेंढ्या चारत होती. कळपातले एक जनावर मरणाला टेकले आहे हे तिच्या लक्षात आले. जवळ सुरी नव्हती. तिने दगड फोडला आणि त्याच्या धारेने त्याला जिबह केले. घरच्यांना शंका आली. हे चालेल का? प्रेषित मुहंमद (स.) यांना विचारले गेले आणि त्यांनी खाण्याची परवानगी दिली.

मला या हकीकतीत त्या मुलीचे फार कौतुक वाटते. कळप तिचा नव्हता, पण जनावर मेले असते तर बोल तिलाच लागला असता. तिने प्रसंगावधान राखले. (बाईच्या हातचे जिबह चालते का, असे आजही आपल्यात कुणी कुणी विचारतो. त्याचे उत्तर चौदाशे वर्षांपूर्वी एका गुराखी मुलीने दगडाच्या धारेने देऊन ठेवले आहे.) तेव्हा 'छुरी फेर दो' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. शेळीला आपल्याकडे गरिबाची गाय म्हणतात. 2019 च्या पशुगणनेत देशभरात सुमारे 14 कोटी 88 लाख शेळ्या मोजल्या गेल्या. यातल्या किती तरी शेळ्या ज्या घरांत बांधलेल्या असतात, तिथे त्या म्हणजेच घरची बँक. मुलीची फी, औषधाचा खर्च, मधेच आलेले लग्न, सगळे तिच्यावर निघते. अशा घरात मरणाऱ्या शेळीवर वेळेत सुरी फिरवणे हा शहाणपणा आहे. यावर माझे काही म्हणणे नाही.

माझा प्रश्न वेगळ्या शेळीचा आहे. जी बँक राहिलेली नाही, जिला नाव आहे, जी मागच्या दाराशी येऊन घरच्यांच्या आवाजाची वाट बघते, ती मरू लागली तर?

गोंदियाला लागून नागरा नावाचे आमचे गाव आहे. जुन्या शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ते ओळखले जाते. चहूकडे धानाची बांधी. अम्मा गेल्यावर त्या घरात माझी थोरली बहीण आणि दुल्हाभाई राहतात; मी नागपूरला असतो. अम्माने शेवटच्या काळात पाळलेली एक बकरी मागे राहिली होती. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून शेजारच्या मुलांनी तिचे नाव टिकली ठेवले होते. मुसलमानाच्या घरी टिकली, यावर अम्मा स्वतःच हसायची. टिकलीने बारा-तेरा वर्षे काढली, म्हणजे बकरीच्या मानाने ती म्हातारी होती. दात झिजले होते. बोरीचा पाला चावता येईना म्हणून आपा तिला भाताच्या कण्या शिजवून, त्यात कोंडा कालवून घालायची. 2022 च्या डिसेंबरात तिने रवंथ करणे सोडले. शेळी पाळणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आपाचा फोन आला आणि मी सकाळच्या गाडीने गेलो.

गोंदियाची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. कोठ्यात तणसाचा जाड थर घालून, वर गोणपाट टाकून आपाने टिकलीला निजवले होते. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आजार असा काही नाही, वय झाले आहे, शरीर आवरते घेत आहे. फार वेदना दिसत नाहीत. दर थोड्या वेळाने कूस बदला, तोंड ओले करा, पण जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. ती तडफडू लागली तर मात्र मला बोलवा. डॉक्टर गेले आणि अर्ध्या तासात दारात ते वाक्य आले. दम तोडायच्या आत छुरी फेरून घ्या.

घरात आम्ही उर्दू-हिंदी मिसळून बोलतो. इथे मराठीत देतो. शेजारी गेल्यावर आपा म्हणाली, "बाबू, मला हिच्या गोश्ताची हाव नाही. सगळे वाटून टाकू, आपण तुकडाही खायचा नाही. पण हिला असे पडलेले माझ्याने बघवत नाही. अल्लाहने एक रस्ता दिला आहे, तो का नाकारायचा?"

मी म्हणालो, "रस्ता दिला आहे, आपा. पण त्यावरून गेलेच पाहिजे असे कुठे सांगितले आहे?"

"तू दोन दिवसांसाठी आलास. मी तीन आठवडे हिला उठवते, बसवते, पुसते. न कापण्याचा मोठेपणा तुला स्वस्तात पडतो."

तिचे हे वाक्य मी पुढे पुष्कळदा घोळवले आहे. दयेच्या गोष्टी लांबून बोलणारा आणि घाण काढणारा, यांत निर्णयाचा पहिला हक्क कोणाचा? आपल्या घराघरांत म्हाताऱ्या आईबापांच्या बाबतीत हाच वाद होतो. शहरातला भाऊ फोनवर सांगतो, अजून एका डॉक्टरला दाखवा. आणि गावात राहिलेली बहीण गप्प बसते. माझे मत असे, की जो हाताने सेवा करतो त्याचा शब्द जड मानावा. म्हणून मी आपाला म्हटले, तू ठरव. पण ठरवताना एवढेच बघ, की सुरी उचलल्यावर सुटका कोणाची होणार आहे.

या एका प्रश्नापाशी थोडे थांबायला हवे. मरणाऱ्या जनावरावर सुरी फिरवण्याची तीन कारणे असू शकतात. मांस वाया जाऊ नये, हे पहिले. ते रास्त आहे, पण त्याला दया म्हणू नये. तो हिशोब आहे आणि हिशोब म्हणूनच तो प्रामाणिक ठरतो. जनावराची वेदना थांबावी, हे दुसरे. आणि तिसरे असे, की बघणाऱ्याला बघवत नाही. हे तिसरे कारण दुसऱ्याचा वेष घेऊन येते. आपले डोळे मिटता येत नाहीत म्हणून आपण त्याचे मिटवतो आणि त्याला रहम म्हणतो.

वेदना खरी असेल तर? मग मला सुरीबद्दल किंवा डॉक्टरांच्या सुईबद्दल आक्षेप नाही. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य अवस्थेत तडफडत होते, तेव्हा गांधीजींनी त्याला सुई देऊन मरण देवविले. अहिंसेच्या आश्रमात गोवंशाची हत्या, म्हणून संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. गांधीजींनी 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'मधून उत्तर दिले आणि कृतीवर ठाम राहिले. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, ज्या जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल त्याला मरण देण्याची तरतूद आहे. आपल्या उलेमांत याबाबत मतभेद आहेत. निव्वळ सुटकेसाठी जीव घेणे काहींना मान्य आहे, काहींना नाही. पण एका गोष्टीवर मतभेद नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची हदीस आहे, की अल्लाहने प्रत्येक बाबतीत एहसान, म्हणजे उत्तमपणा, बंधनकारक केला आहे, जिबह करतानाही तो पाळायचा, सुरीला धार लावायची आणि जनावराला त्रास कमी द्यायचा. आणखी एका रिवायतीत, बकरीवर पाय देऊन तिच्यासमोरच सुरी परजणाऱ्या माणसाला प्रेषितांनी (स.) फटकारल्याचे येते, याला दोनदा मारायचे आहे का, अशा अर्थाने. जनावराला भीती वाटते, त्याच्या डोळ्यांना सुरी दिसते, हे त्यात गृहीत धरले आहे. बकरी ईदच्या दिवशी गल्लीत जे चालते ते पाहून ही रिवायत आपण कितीदा आठवतो, हा प्रश्न मी इथे फक्त विचारून ठेवतो.

फिकहमध्ये कृतींच्या पायऱ्या आहेत. फर्ज आणि वाजिब एका टोकाला, हराम दुसऱ्या टोकाला. मधे मुस्तहब, मकरूह आणि मुबाह. मुबाह म्हणजे केले तर गुन्हा नाही, न केले तरी नाही. आपली सवय अशी झाली आहे, की एखादी गोष्ट जायज आहे असे कळले की आपण विचार बंद करतो. जणू मौलवीसाहेबांनी 'जायज' म्हटले आणि आपली जबाबदारी संपली. मला उलट वाटते. फर्ज कृतीत माझे फारसे काही नसते, हुकूम पाळायचा असतो. मी कसा माणूस आहे हे या मधल्या जागेत कळते. तिथे शरीयत माझ्या विवेकावर विसंबते. सलअच्या टेकडीवरच्या मुलीने सुरीची जागा दगडाने भरली, हे योग्य. आपाने त्या संध्याकाळी डॉक्टरांना पुन्हा फोन करून नीट विचारले, की हिला खरेच दुखत नाही ना. आणि नाही म्हटल्यावर सुरी कपाटात ठेवून शाल घेऊन कोठ्यात येऊन बसली, हेही योग्य. एकच सवलत, दोन माणसे, दोन उत्तरे.

मग आम्ही बसलो. एक रात्र, दुसरी, तिसरी. शेगडीत निखारे, कंदिलाऐवजी मोबाइलचा उजेड, तोही चार्जिंग वाचवून. दर तासाने दोघे मिळून टिकलीला उचलून कूस बदलायची, कापसाने ओठ ओले करायचे. बाकी काही काम नाही.

या 'काही काम नाही' विषयी मला सांगायचे आहे. अम्मा गेली तेव्हा आम्हा दोघांना एकमेकांजवळ बसायला सवडच मिळाली नव्हती. माणसाचे मरण आपल्याकडे विधींनी बांधलेले असते. गुस्ल, कफन, जनाजा, दफन, मग तीजा, मग चाळिसावा. बायका आत, पुरुष बाहेर. आपा आत नातेवाईक बायकांच्या गराड्यात. मी कब्रस्तानात, खांदा देणाऱ्यांच्या, चटई आणणाऱ्यांच्या, जेवणाची पातेली मोजणाऱ्यांच्या गर्दीत. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे ती कब्रीपर्यंत आलीच नाही. शोक दोघांनी केला, पण भिंतीच्या दोन बाजूंना. मी विधींना नावे ठेवत नाही. त्या गराड्यानेच माणूस पहिले दिवस तगतो. पण बकरीच्या मरणाला ना जनाजा, ना फातिहा, ना आत-बाहेर. करायला काहीच नसल्यामुळे बहीणभाऊ समोरासमोर उरले.

आणि बोलणे निघाले ते सारे अम्माचे. त्यातच वाटणीचेही. शरीयतप्रमाणे मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. घर, थोडी बांधी, चांदीचे दागिने, सगळे कागदावर लिहिले गेले होते. आपाने तेव्हा एक शब्द काढला नव्हता. त्या रात्री टिकलीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "तरक्यात हिचे नाव कुणीच लिहिले नाही बघ. शास्त्राने बघायचे तर हिचे दोन भाग तुझे, एक माझा." आम्ही दोघे हसलो. हसणे थांबल्यावर, घराच्या बाबतीत जे मनात होते ते तिने शांतपणे सांगितले आणि मी ऐकून घेतले. ते काय होते हे इथे सांगण्याचे कारण नाही. पण ते बोलणे टेबलावर, कागद समोर ठेवून, कधी झाले नसते. दोघांचीही नजर तिसऱ्या कशावर तरी असावी लागते. लहानपणी आम्ही असेच भांडण मिटवायचो, कोंबडीला दाणे टाकता टाकता.

मधेच तिने विचारले, "कयामतला टिकली भेटेल का रे?" मला जे ठाऊक होते ते सांगितले. सूरह अनआमच्या अडतिसाव्या आयतीत जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारी पाखरे यांना आपल्यासारख्याच उम्मत म्हटले आहे आणि त्यांनाही रबकडे एकत्र केले जाईल असे आहे. हदीसमध्ये असेही आहे, की त्या दिवशी शिंगे नसलेल्या बकरीला शिंगवालीकडून तिचा हक्क मिळवून दिला जाईल. पुढे भाष्यकार म्हणतात, की न्याय झाल्यावर जनावरे माती होतील. मुअतजिला विचारवंतांना एवढ्याने समाधान नव्हते. निरपराध जनावराने जे सोसले त्याची भरपाई अल्लाहच्या न्यायाला धरून व्हायलाच हवी, असे त्यांचे म्हणणे. दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वानुस्सफा मंडळींनी तर जिनांच्या राजापुढे जनावरांनी माणसांवर भरलेला एक मोठा खटलाच लिहून ठेवला. हे सगळे ऐकून आपा म्हणाली, "टिकलीला शिंगे होती. हिचाच कुणीतरी हिशोब मागेल." आणि पुन्हा हसली.

तिसऱ्या रात्री, फजरच्या अजानच्या थोडे आधी, टिकलीचा श्वास लांब लांब होत गेला. आपाने तिचे डोके मांडीवर घेतले होते. मी पायांपाशी होतो. तडफड झाली नाही. सकाळी परसात, सीताफळाच्या झाडापलीकडे, दुल्हाभाईंनी आणि मी खोल खड्डा खणला. कातडे काढून घ्या, असे कुणी सुचवले. सुचवणाऱ्याची चूक नव्हती, हजरत मैमुना (रजि.) यांच्या मौलाला मिळालेली बकरी मेली तेव्हा, तिचे कातडे तरी का वापरले नाही, असे खुद्द प्रेषितांनी (स.) विचारल्याची हदीस आहे, हराम आहे ते फक्त खाणे. पण हीदेखील सवलतच होती. आपाने मान हलवली आणि तिच्यावर माती पडली.

नंतरच्या दिवसांत एक वाक्य मात्र टोचत राहिले. 'जनावरासाठी इतके कोण रडते? ईदला कापता ना?' विचारणारे आपलेच होते, परकेही होते. कापणारी माणसे रडू शकत नाहीत, असे दोघांनाही वाटते. मला यात विसंगती दिसत नाही. जो वर्षभर हाताने चारा घालतो, त्याला कुर्बानी म्हणजे काय ते कळते. बाजारातून आदल्या दिवशी बकरा आणणाऱ्याला ते कळणे अवघड. आपल्या काही मित्रांना अशा वेळी मुएज्जा मांजरीची गोष्ट सांगायला आवडते, झोपलेल्या मांजरीची झोप मोडू नये म्हणून प्रेषितांनी (स.) झग्याची बाही कापली, ती. गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या ग्रंथांत तिला आधार नाही. आणि तिची गरजही नाही, कारण याहून साधी आणि पक्की गोष्ट बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

हजरत अनस (रजि.) यांना अबू उमैर नावाचा धाकटा भाऊ होता. आई एक, उम्मे सुलैम, वडील वेगळे. त्याने एक इवलेसे पाखरू पाळले होते, नुगैर जातीचे. ते मेले. प्रेषित (स.) त्या घरी येत-जात असत. पोर उदास बसलेले दिसले, कारण कळले, तेव्हा त्यांनी त्याला लाडाने, यमक जुळवून, तुझ्या नुगैरचे काय झाले असे विचारले. बस, एवढेच. पाखरू ते काय, दुसरे आणू, असे ते म्हणाले नाहीत. चौथ्या हिजरी शतकातल्या इब्नुल कास नावाच्या शाफई फकीहने या एका छोट्या हदीसमधून साठ बोध काढून स्वतंत्र पुस्तिका लिहिली. मुलाला कुनियत देता येते, थट्टा करता येते, पाखरू पाळता येते, असे कितीतरी.

मला त्यात दिसतो तो सांगणारा भाऊ. उम्मे सुलैम यांचे एक मूल आजारी पडून गेले आणि नवरा घरी आल्यावर त्यांनी ती बातमी सकाळपर्यंत धीराने मनात ठेवली, ही हकीकत आपण वाजमध्ये ऐकत आलो आहोत. अनेक भाष्यकार म्हणतात, की ते मूल म्हणजे हाच अबू उमैर. हजरत अनस (रजि.) मात्र खूप जगले, हिजरी सन 93 च्या सुमारास बसऱ्यात वारले. दहा वर्षे प्रेषितांची (स.) खिदमत केलेला माणूस, दोन हजारांवर हदीसी त्यांच्या नावावर आहेत. त्यांत त्यांनी भावाचे हे मेलेले पाखरूही जपून ठेवले, आणि लोकांना सांगितले.